मालकांच्या कमरेसाठी जीपचे पाटे

आमच्या जीपला कोणते पाटे बसवायचे, हे मी ठरवलं. मला गाडी चालवता येत नाही.

पाटे म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण मलाही ते त्याच वर्षी कळलं. चाकाच्या वर, गाडीच्या पोटाखाली, वाकवलेल्या लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. चाक दगडावरून गेलं की त्या दबतात आणि हिसका आपल्या अंगावर घेतात. त्यांच्या शेजारी एक नळकांडं असतं, त्याला गॅरेजवाले शॉकप म्हणतात. पाटे नाचायला लागले की त्यांना गप बसवणं हे त्याचं काम. घरात सासूचं असतं तसं. (मी स्वतः सासू आहे, म्हणून बोलायला हरकत नाही.)

आमची वस्ती भूम तालुक्यात, डोंगराच्या कडेला. डांबरी सडक दीड कोसावर. मधल्या वाटेला वाट म्हणायचं म्हणून म्हणायचं. पावसाळ्यात त्या वाटेचा ओढा होतो आणि उन्हाळ्यात ओढ्याची वाट होते. एसटी तिथं येत नाही, रिक्षा येत नाही. मोटरसायकलवाला येतो, पण जाताना ती ढकलत नेतो. म्हणून मालकांनी एका ठेकेदाराकडून जुनी जीप घेतली होती. मालक म्हणजे माझा नवरा. बाकी सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चारी चाकांत जोर असलेली जीप. ती कुठंही चढायची. आत बसलेला माणूस तिच्याबरोबर वर पोचेलच, याची मात्र खात्री नसायची.

सात-आठ वर्षांमागं मालकांच्या कमरेतली चकती सरकली. आमची खव्याची भट्टी होती. भरलेली कढई चुलीवरून उतरवायला दोघं लागतात. मी म्हणत होते, थांबा, हात धुऊन येते. थांबले नाहीत. कढई खाली उतरली आणि मालक तिथंच वाकलेले राहिले. मला वाटलं खव्यात काही पडलंय ते बघतायत. मी म्हणाले, "काय पडलं?" ते म्हणाले, "मीच."

खवा चांगला निघाला होता. मालकांना उलथं करून बाजेवर घातलं.

धाराशिवच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, सुईनं कुठं कुठं टोचलं आणि सांगितलं, दर पंधरा दिवसांनी शेक घ्यायला आणा, आणि काय वाटेल ते करा पण कमरेला हिसका बसू देऊ नका. मग विचारलं, "राहता कुठं?" आमचा मुलगा दिगंबर बरोबर होता. त्यानं वाटेचं वर्णन केलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर दिगू म्हणाला, "आई, हे बघ. एक तर जीप मऊ करायची, न्हाय तर तुम्ही दोघंबी माझ्याकडं राहायला यायचं. तिसरं काय न्हाय."

दिगू धाराशिवला कॉलेजात कारकून. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिथं मी एकदा अकरा दिवस राहिले होते. सकाळी उठून काय करायचं, तेच मला कळेना. म्हैस नाही, शेण नाही, भांडायला बांध नाही. सूनबाई चांगली आहे, काही काम करू देत नाही. त्याच्यापेक्षा वाईट असती तर बरं झालं असतं. अकराव्या दिवशी मी शेजारणीच्या दारातली मनीप्लांटची वाळकी पानं खुडत बसले, तेव्हा दिगूनंच मला एसटीत बसवून दिलं.

मी लगेच म्हणाले, "अण्णांना वस्ती सोडवायची न्हाय. जीप मऊ कर."

अण्णा जीपच्या मागच्या सीटवर पालथे होते. ते काही बोलले नाहीत. मालक गप बसले की त्यांचं मत माझ्यासारखंच असतं, असं मी लग्नापासून धरून चालले होते.

म्हणजे आता सगळं जीपच्या पाट्यावर आलं. जीप मऊ झाली तर वस्ती राहणार. नाही झाली तर दुसरा मजला.

दिगूला या विषयातलं फार कळायचं, निदान त्याच्या मोबाइलला तरी कळायचं. त्यात जीपा चिखलातून उड्या मारायच्या, खडकावर चढायच्या, आणि काळे चष्मे लावलेली पोरं टाळ्या वाजवायची. तो मला दाखवायचा. "ह्या गाडीचं सस्पेन्शन बघ आई. दोन इंच वर उचललीय."

"वर उचलून काय करायचंय? मी आत्ताच बादलीवर पाय देऊन चढते."

"अगं, खालून दगड लागत न्हाय."

"दगड अण्णाच्या कमरंला लागू नये, एवढं बघ."

धाराशिवला सत्तारभाईचं गॅरेज आहे. माणूस पन्नाशीचा, हात कोपरापर्यंत काळे, आणि खोटं न बोलणारा. गॅरेजवाल्यात असला माणूस म्हणजे नवलच. त्यानं आमच्या जीपखाली झोपून पाटे बघितले आणि तिथूनच बोलला, "काकू, हे पाटे न्हायत आता. हे नुस्तं लोखंड हाय."

मग त्यानं समोर उकिडवं बसून समजावलं. पहिला प्रकार, आहे त्याच मापाचे नवे पाटे, पण त्यातली दोन पानं, म्हणजे पट्ट्या, कमी करायची आणि शॉकप मऊ टाकायचे. गाडी जरा डुलती, पण हिसका बसत नाही. दुसरा प्रकार मधला. तिसरा प्रकार जड पाटे, वर एक पान जादा, गॅसचे कडक शॉकप, गाडी दोन इंच वर.

"तीन नंबर," दिगू म्हणाला.

"अरे दिगंबर, ते माल वाह्यचं काम हाय. पेशंटला एक नंबर करा. माझं ऐका काकू."

मी म्हणाले, "सत्तारभाई, मी ऐकून काय घेत न्हाय. बघून घेते."

इथं माझ्या वडिलांची गोष्ट सांगायला पाहिजे. माझं माहेर परंड्याकडचं. वडील निरक्षर, पण त्यांनी आयुष्यात गाडीवान कधी चुकीचा निवडला नाही. त्यांची रीत अशी होती, की गाडीत दह्याचं एक गाडगं ठेवायचं आणि गाडीवानाला बांधाबांधानं फेरी मारून यायला सांगायचं. परत आल्यावर फडकं काढून बघायचं. दही मोडलेलं असलं, पाणी सुटलेलं असलं, की गाडीवान नापास. मला पहिल्यांदा सासरी पाठवायचं होतं तेव्हा त्यांनी तीन गाडीवान असे बघितले. दोन जवान होते, बैलांना शीळ घालणारे. तिसरा एक बहिरा म्हातारा. म्हाताऱ्याचं दही जसंच्या तसं. त्याच्याच गाडीत मला बसवलं. त्यानं गाडी अशी आणली, की मला वाटेत गाढ झोप लागली, आणि सासरच्या दारात मी घोरत पोचले. सासूबाईंनी ते मरेपर्यंत ऐकवलं. "सुना रडत येतात, ही घोरत आली." पण गाडी चांगली होती, हे त्यांनाही मान्य होतं.

तर मी आदल्या दिवशीच दिगूच्या घरी तीन गाडग्यांत दही लावलं होतं. सूनबाईला वाटलं कढी करायचीय. सकाळी मी गाडगी पिशवीत घालून निघाले तेव्हा ती नुसती बघत राहिली.

सत्तारभाईच्या अंगणात योगायोगानं तिन्ही प्रकारच्या जीपा उभ्या होत्या, दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या. मागं पाइपलाइन खोदून अर्धवट बुजवलेलं मैदान होतं. आमच्या वाटेची सख्खी बहीणच. मी म्हणाले, "ह्या तिन्हीत मला बसवून तिथनं फिरव."

सत्तारभाईनं पिशवीत वाकून बघितलं. "काकू, हे काय?"

"परीक्षा."

पहिल्या जीपमध्ये बसले. गाडगं मांडीवर घेतलं. लोकांच्या गाडीची गादी खराब व्हायला नको, आपण काही तशी माणसं नाही. सत्तारभाई स्वतः चालवायला बसला. गाडी खड्ड्यात उतरली आणि पाळण्यासारखी इकडून तिकडं डुलली. मी डुलले. गाडगं डुललं. दही एका काठाला गेलं, मग दुसऱ्या काठाला, आणि फेरी संपायच्या आत त्याचं ताक होऊन माझ्या लुगड्यावर आलं.

"नापास," मी म्हणाले.

दुसऱ्या जीपमध्ये दही अर्धं मोडलं. काठावर पास.

तिसरी जीप म्हणजे दिगूची लाडकी. वर चढायला मला सत्तारभाईनं रिकामा क्रेट दिला. गाडी सुटली आणि माझे वरचे दात खालच्या दातांवर आपटायला लागले. पदर डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून कुठं गेला ते कळलं नाही. एका हातातली काकणं दुसऱ्या हातात जातील असं वाटलं. पण गाडगं मी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. परत आल्यावर फडकं काढलं. दही असं, की विळीनं वड्या पाडाव्यात.

"हीच," मी म्हणाले.

सत्तारभाई हात जोडून उभा राहिला. "काकू, तुमचे दात वाजले ते गाडीच्या आवाजातबी मला ऐकू आले."

"माझ्या दाताचं काय घेऊन बसलास? दही मोडलं का?"

"न्हाय मोडलं. पर अण्णा काय दही हायत का?"

"दह्याला न्हाय बसला हिसका, तर माणसाला कसा बसंल?"

चौथी शिकलेल्या बाईनं गॅरेजवाल्याला गप केलं म्हणून मी मनातून इतकी फुगले, की चहासुद्धा नको म्हणाले. दिगू तर आनंदानं म्हणाला, "आई, तुझी टेस्ट एकदम शास्त्रीय हाय." त्याला तीन नंबरच पाहिजे होता. आईची अक्कल पोरांना तेव्हाच दिसते, जेव्हा ती त्यांच्या बाजूनं चालते.

जड पाटे बसले. जीप दोन इंच उंच झाली. वस्तीवर येताना समोर बसून मी चारदा टपाला डोकं लावलं. दिगू म्हणाला, "नवे हायत, बसतील." मीही म्हणाले, बसतील. नवी सूनसुद्धा बसायला वर्ष घेते.

चौथ्या शनिवारी दिगूला सुट्टी होती. त्या दिवशी मालकांना शेकाला न्यायचं होतं. जीपच्या मागच्या बाजूला खाली दोन गाद्या, वर गोधडी, उशाला उशी, असं करून मालकांना हळूच ठेवलं. मी समोर बसले. दिगूनं गाडी सुरू केली. गोठ्यापुढच्या पहिल्या दगडावरून चाक गेलं आणि मागून धप्प असा आवाज आला.

दिगूनं मागं न बघता विचारलं, "अण्णा, बरं हाय का?"

मागून उत्तर आलं, "थांब. अजून खाली येतोय."

दुसऱ्या दगडाला मालकांचं नाक वरच्या ताडपत्रीला लागलं. तिसऱ्याला ते गादीवरून उडाले आणि परतले तेव्हा गादी तिथं नव्हती. गाडी अजून आमच्याच शेतात होती. मालकांनी जीपचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि शांतपणे म्हणाले, "मला काढा. मी चालत जातो धाराशिवला."

त्यांना परत बाजेवर घातलं. दिगूनं बांधावर उभं राहून, जिथं रेंज येते तिथून, सत्तारभाईला फोन लावला. सत्तारभाई काय म्हणाला ते मला इथपर्यंत ऐकू आलं. "रिकामी चालवली का? अरे ते पाटे वजनावर मऊ होतात! आठ-नऊ माणसं बसवा मागं, मग बघा, गादी होती का न्हाय."

बघा म्हणजे. चूक नव्हतीच. फक्त वजन कमी पडलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

मी वस्तीभर निरोप धाडला, की धाराशिवला फुकट गाडी चाललीय, पण वजनदार माणसांनीच यावं. सगळ्यात आधी लक्षुमबाई आली. आमची शेजारीण. तिला मी निवडूनसुद्धा बघितलं नाही, सरळ बसवली. मग तिची जाऊ, मग दोन पैलवानकी सोडलेले भाऊ, मग आणखी तिघं. शेवटी नामदेव आला. नामदेव म्हणजे उभा केला तर तुराटी. त्याला मी म्हणाले, "तू न्हाय."

"का? म्या काय केलंय?"

"वजन न्हाय तुझ्यात."

नामदेवाला हे फार लागलं. "सरूकाकू, आज्जाच्या वेळंपासून एका बांधाला हाव आपण. आन् म्या वाळलेलो म्हणून गाडीत घेत न्हाय?"

"मग काहीतरी जड घेऊन ये आणि बस."

मी बोलायचं म्हणून बोलले. नामदेव घरी गेला आणि जात्याची खालची तळी खांद्यावर घेऊन आला. ती मांडीवर ठेवून तो बसला. धाराशिवला जात्याची तळी घेऊन जाणारा तो पहिलाच माणूस असेल.

मागं आठ माणसं, एक जातं, आणि मधोमध गादीवर मालक. त्यांच्या चारी बाजूला लोकांचे पाय. लक्षुमबाईनं त्यांच्या पोटावर तिची पिशवी ठेवली, कारण तिला दुसरीकडं जागा नव्हती. गाडी निघाली. पहिला दगड आला. काही नाही. दुसरा आला, गेला. गाडी नावेसारखी चालली. मालकांनी डोळे मिटले. मी मागं वळून सगळ्यांकडं असं बघितलं, जसं नुकतंच निवडून आलेलं माणूस बघतं. दिगू पुटपुटला, "दर पंधरा दिवसाला एवढी माणसं कुठनं गोळा करायची?" मी म्हणाले, "लोकं फुकट जायला कधीबी तयार असतात. तू पुढं बघ."

तो पुढं बघायला लागला, आणि तेच नडलं.

अर्ध्या वाटेवर ओढा लागतो. ओढ्यात उतरायचं आणि पलीकडच्या खडकाळ चढानं वर निघायचं. आमच्या वयाची सगळी माणसं बैलगाडीत वाढलेली. आमच्याकडं चढ आला की गाडीतून उतरायचं, ही रीत. बैलांना ओढायला जड जाऊ नये म्हणून. चढाला जो गाडीत बसून राहतो त्याला माणसं नंतर सोयरीक करताना विचार करतात. लहानपणापासून हे अंगात इतकं भिनलेलं, की चढ दिसला की पाय आपोआप खाली जातात.

ओढ्याच्या तळाला दिगूनं गिअर बदलायला गाडी थांबवली. लक्षुमबाई म्हणाली, "उतरा रं सगळे. चढ आलाय. गाडीला वढवायची न्हाय."

सगळे शहाण्यासारखे उतरले. पैलवान उतरले. नामदेव उतरला, आणि त्यानं जातंही उतरवून घेतलं. उगाच गाडीला भार कशाला. खरं सांगते, सगळ्यात आधी मी उतरले होते.

दिगूला वाटलं, आई एकटीच उतरलीय. त्यानं पुढं बघतच गिअर टाकला आणि जोर दिला. मघाशी जेवढा भार होता त्याच हिशेबानं दिला. गाडी त्या चढावर अशी गेली, जसं दावं तुटलेलं खोंड जातं. आणि आम्ही? आम्ही मागून ढकलत होतो. उपकार म्हणून.

पहिल्या उडीला मालक ताडपत्रीच्या फटीतून आम्हाला दिसले. दुसऱ्या उडीला लक्षुमबाईची पिशवी बाहेर आली. तिसऱ्या उडीला मालक चक्क उठून बसलेले दिसले. तीन आठवड्यांत ते बसले नव्हते. लक्षुमबाई कौतुकानं म्हणाली, "बघा, अण्णा बसाया लागले." चौथ्या उडीनंतर काहीच दिसलं नाही.

आम्ही धापा टाकत वर पोचलो. दिगू गाडी थांबवून मागं गेला होता. मालक एका कुशीवर पडलेले, चेहरा चुन्यासारखा. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "समदे उतरले, तर मलाबी उतरवायचं होतं."

मी गप बसले. माझ्या आयुष्यात असं दोन-तीनदाच झालंय.

मग ते म्हणाले, "दिगूच्या घरी चला."

"तुम्हाला वस्ती सोडवंल का?"

"वस्तीचं नंतर बघू. आधी ही जीप सुटू दे."

सगळ्यांना परत भरलं, जात्यासकट, आणि धाराशिव गाठलं. डॉक्टर माझ्यावर एवढे चिडले, की त्यांना तहान लागली. म्हणाले, आधी सांगितलेलं सगळं वाया गेलं. आता तीन महिने हा माणूस खाटेवरून हलणार नाही, आणि वस्तीचं नाव काढायचं नाही. दुसरा मजला. जे टाळायला मी सगळं केलं, त्याच्यात मी स्वतःच्या हातानं जाऊन पडले.

आठवड्यानं सत्तारभाई मोसंब्या घेऊन मालकांना बघायला आला. बिचारा एक शब्द बोलला नाही की मी सांगत होतो. नुसता कोपऱ्यात बसून विचार करत होता. मग म्हणाला, "काकू, एक समजंना. दही मोडलं कसं न्हाय? गाडगं कुठं ठेवलं होतं? मी चालवताना समोर बघत होतो."

"मांडीवर."

"आणि तुमचे वडील कुठं ठेवायचे?"

"गाडीच्या तळाला. पाचटावर."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. सत्तारभाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा बऱ्यापैकी भरलेली होते. तो फार अदबीनं म्हणाला, "मग काकू, पाटे तुमचे चांगले हायत. गाडीचे न्हाय."

पलंगावर मालक हसायला लागले, आणि हसता हसता कमरेत कळ आली म्हणून ओरडले, आणि ओरडता ओरडता परत हसले. हिसके सगळे माझ्या मांडीनं खाल्ले होते. आणि डुलणाऱ्या गाडीत मी डुलले, म्हणून गाडगं कलंडलं, म्हणून चांगली गाडी नापास. वडिलांची परीक्षा बरोबर होती. परीक्षक चुकला होता. सत्तारभाई जीप घेऊन गेला आणि एक नंबरचे पाटे बसवून लावून ठेवली.

ते तीन महिने मी कसे काढले, माझं मला माहीत. मी खिडकीत उभी राहून खाली कुणाची म्हैस दिसते का बघायची. भट्टी बंद होती. लक्षुमबाई आमची म्हैस बघत होती, आणि फोनवर म्हशीपेक्षा स्वतःचंच जास्त सांगायची. मला सारखं वाटायचं, मी एवढी धडधाकट असून कासावीस होते, तर मालकांचं पडल्या पडल्या काय होत असेल. मी रोज त्यांना म्हणायची, "थोडंच राहिलं. लवकर जाऊ." ते भिंतीकडं बघत म्हणायचे, "व्हय."

मालकांकडं खालच्या मजल्यावरचे दोन रिटायर मास्तर यायला लागले. मग कोर्टातला एक जुना शिपाई. पेपर वाचून व्हायचा, मग पत्ते. सूनबाई तासाला चहा करायची. वस्तीवर चाळीस वर्षं मालक माझ्याशी बोलले त्याच्यापेक्षा जास्त ते त्या तीन महिन्यांत त्या मास्तरांशी बोलले. मला वाटलं, बिचारे दुःख विसरायला बघतायत.

तिसरा महिना संपला. डॉक्टरांनी वाकवून, वळवून बघितलं आणि म्हणाले, घरी जायला हरकत नाही. मालक म्हणाले, "अजून चमक निघतीय जराशी." पंधरा दिवसांनी परत गेलो. परत चमक. मी धास्तावले. डॉक्टरही कोड्यात पडले. मग एका दुपारी मी भाजी निवडत दारात बसले होते. पत्ते रंगात आले होते. मालकांच्या हातातला बदामचा एक्का निसटून पलंगाखाली गेला. मालक असे झटकन पलंगाखाली शिरले आणि पत्ता घेऊन असे बाहेर आले, की शाळेतलं पोर येणार नाही. उभे राहताना त्यांची आणि माझी नजर भिडली. त्यांनी सावकाश कमरेवर हात ठेवला.

मी भाजी निवडायची थांबले. "किती दिवस झाले चमक गेल्याला?"

मास्तर पत्ते गोळा करायला लागले.

मालक म्हणाले, "तसं न्हाय. नवे पाटे कसे बसलेत कुणाला म्हाईत. परत हिसका बसला म्हंजी?"

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी निघालो. जीप भूमच्या पुढं सडक सोडून आमच्या वाटेला लागली. दगड आले, गाडी डुलली, गेली. ओढ्याच्या चढाला मी दिगूला म्हणाले, कुणी उतरायचं नाही, मी पण नाही. गाडी झोका घेत वर आली. मागं मालक आडवे होते. त्यांना साधं कण्हायलासुद्धा कारण मिळालं नाही. दारात पोचल्यावर मी विचारलं, "कसे हायत पाटे?"

"लई चांगले बसलेत," मालक म्हणाले. मसणवटीतून आलेला माणूस ज्या आवाजात 'झालं सगळं नीट' म्हणतो, त्या आवाजात.

पुढं पाच वर्षं ते पाटे चालले, आणि मालकही. दर पंधरा दिवसांनी ते शेक घ्यायला म्हणून त्या जीपमधून धाराशिवला जायचे आणि चार-चार दिवस यायचे नाहीत. पाटे इतके मऊ, की मला नको म्हणायला तोंड नव्हतं. मी इकडं भट्टीवर एकटी कढई उतरवायची आणि वस्ती राहिली म्हणून खूश व्हायची. आता मालक नाहीत. मी अजून इथंच आहे. मागच्या महिन्यात शॉकप बदलायला सत्तारभाईकडं गेले होते, तर त्यानं आधी चहा दिला आणि मग विचारलं, "काकू, खरं सांगा. ते पाटे नक्की कुणासाठी बसवले होते?"

मी म्हणाले, "मालकांसाठी." चौथी शिकले असले तरी एवढं खोटं मला न अडखळता बोलता येतं.